कोफॅक्स तिसाव्या वर्षी थांबला, शहाणा की मूर्ख?

डावरा_सांगलीकर

नमस्कार मंडळी, इथे क्रिकेटचे धागे रोज निघतात, आज एक बेसबॉलचा काढतोय, शिव्या घालू नका.

झालं असं की आईबाबा उन्हाळ्यात इकडे लॉस एंजेलिसला आले होते. समुद्र झाला, डोंगरावरची ती हॉलिवूडची पाटी लांबून बघून झाली, मॉल बघून तर बाबा दुसऱ्याच दिवशी कंटाळले, मग म्हटलं चला, डॉजर स्टेडियमला मॅच दाखवतो. बाबा म्हणजे सांगलीत क्लब क्रिकेट खेळलेले डावखुरे स्पिनर आणि बापू नाडकर्णींचे भक्त. १९६४, मद्रास, ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन, ० विकेट, हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ करून घेतलेलं आहे. तर आत शिरल्यावर सेंटर फील्डच्या मागे दोन पुतळे आहेत, एक जॅकी रॉबिन्सनचा आणि दुसरा एका माणसाचा, उजवा पाय छातीपर्यंत वर उचललेला, चेंडू टाकायच्या बेतात. बाबा थांबले. "डावरा आहे की रे हा. कोण?"

म्हटलं सँडी कोफॅक्स. किती वर्षं खेळला? बारा. पुतळा उभारलाय म्हणजे म्हातारा होईपर्यंत खेळला असेल? नाही, तिसाव्या वर्षी सोडलं. मार लागला? हो, कोपर गेलं होतं, पण बाबा, ज्या वर्षी सोडलं त्या वर्षी तो २७ मॅच जिंकला होता आणि अख्ख्या बेसबॉलमध्ये बेस्ट पिचर ठरला होता. बाबा जरा वेळ पुतळ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग हा शहाणा म्हणायचा की मूर्ख?" मॅच कोण जिंकलं ते मला आता आठवत नाही, प्रश्न मात्र डोक्यात बसलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९३५, ब्रुकलिन. पोराचं प्रेम खरं बास्केटबॉलवर, सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत गेला तोही बास्केटबॉलच्या जिवावर. १९५४ च्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्सनी (हीच टीम पुढे लॉस एंजेलिसला आली) त्याला १४,००० डॉलर बोनस देऊन घेतलं, आणि इथेच पहिली गोची झाली. तेव्हा नियम असा होता की ४,००० च्या वर बोनस दिलेल्या पोराला दोन वर्षं मेन टीममध्येच ठेवायचं, खाली मायनर लीगमध्ये शिकायला पाठवायचं नाही. म्हणजे १९ वर्षांचा पोरगा, हातात वेग भयंकर, चेंडू कुठे जाईल ते देवाला माहीत, आणि बसायचं कुठे तर चॅम्पियन टीमच्या बाकड्यावर. त्याला जागा करून द्यायला टीमने दुसऱ्या एका डावऱ्या पिचरला खाली धाडलं, त्याचं नाव टॉमी लसोर्डा, हाच पुढे डॉजर्सचा नावाजलेला मॅनेजर झाला आणि जगातल्या सगळ्यात भारी डावऱ्याने मला टीमबाहेर काढलं हे आयुष्यभर सांगत हिंडला.

पहिल्या सहा वर्षांचा हिशोब, ३६ जिंकल्या आणि ४० हरल्या. मधे एखादी मॅच अशी टाकायचा की लोक तोंडात बोट घालायचे, १९५९ ला जायंट्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये १८ जणांना स्ट्राइकआउट केलं (म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद), आणि पुढच्या मॅचला परत बाहेर चेंडू टाकून फुकट बेस वाटत सुटायचा. १९६० चा सीझन संपला त्या दिवशी त्याने ग्लोव्ह आणि बूट कचऱ्यात टाकले आणि घरी गेला. क्लबहाऊस सांभाळणाऱ्या नोबे कावानोने ते गुपचूप उचलून ठेवले आणि पुढच्या वर्षी हातात दिले.

पुढचं सांगतो, आधी चहा.

आळशी_अंपायर

वाचतोय. चहा लवकर संपव.

गूळपोळी

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी पुतळ्यापाशी थांबलेले बाबा आवडले. पण हे सांगा, पिचर मॅच 'जिंकतो' म्हणजे काय, बाकीचे आठ काय करतात मग?

डावरा_सांगलीकर

@गूळपोळी, रास्त प्रश्न. मॅच नऊ इनिंगची, आपल्या टीमने आघाडी घेतली तेव्हा जो पिचर टाकत होता, साधारण त्याच्या खात्यात विजय लिहितात. पिचर चांगला की वाईट हे बघायचं तर दुसरा आकडा, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याने स्वतःच्या चुकीने सरासरी किती रन दिले. तीनच्या आत आला तर चांगला आणि दोनच्या आत म्हणजे पाय धरावेत असा.

आता १९६१. व्हेरो बीचला सरावाचा कॅम्प. ऑर्लँडोला ट्विन्सच्या दुय्यम टीमबरोबर एक बिनमहत्त्वाची मॅच होती, बरोबर यायचा होता त्या एका पिचरचं विमान चुकलं म्हणून कोफॅक्सला जास्त इनिंग टाकाव्या लागणार होत्या. कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, नॉर्म शेरी. नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच बेसवर माणसं भरली, मग हा चिडला की आणखी जोर लावणार, आणखी बाहेर टाकणार, हे ठरलेलं. शेरी माउंडवर (पिचर जिथून टाकतो तो उंचवटा) गेला आणि म्हणाला, अरे जरा हळू टाक, त्यांना मारू दे, नाहीतर आपण इथेच संध्याकाळपर्यंत उभे राहू. कोफॅक्सने जोर कमी केला, आणि तिघंही स्ट्राइकआउट. शेरी नंतर त्याला म्हणाला की हळू टाकायला लागल्यावर तू जास्त जोरात टाकत होतास. त्या दिवशी सात इनिंगमध्ये एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, नाही. जोर लावताना मान मागे जायची आणि समोरचं दिसायचंच बंद व्हायचं, हेही एका स्काउटने दाखवून दिलं होतं.

त्या वर्षी १८ विजय, २६९ स्ट्राइकआउट, नॅशनल लीगचा (दोन लीगांपैकी डॉजर्सची) रेकॉर्ड. १९६२ ला डॉजर स्टेडियम सुरू झालं, आणि १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षं लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए याचाच. १९६३ ला २५ विजय ५ पराभव, ईआरए १.८८, ३०६ स्ट्राइकआउट, ११ मॅचमध्ये समोरच्यांना शून्यावर ठेवलं. वर्ल्ड सीरीजमध्ये (वर्षअखेरची फायनल) यँकीजविरुद्ध पहिल्याच मॅचला १५ स्ट्राइकआउट, आणि यँकीज चार-शून्य साफ. यँकीजच्या योगी बेराचं वाक्य तेव्हाचं, हा पंचवीस कसा जिंकला ते समजलं, पण पाच हरला कसा तेच समजत नाही.

चिंचपोकळी_एक्सप्रेस

एक बेसिक शंका. हे लोक कोपर वाकवून टाकतात ना? म्हणजे आपल्याकडे सरळ नोबॉल, फेकी म्हणून घरी पाठवतील. मग कोपर जाणार नाही तर काय होणार.

आळशी_अंपायर

@चिंचपोकळी, हाहा, बरोबर, तिकडे सगळेच फेकी. पण गंमत बघ, आपल्याकडे टप्पा आहे, खेळपट्टी मदत करते, सीम पडते, चेंडू वळतो. इथे सगळे फुलटॉस! ६० फूट ६ इंचांवरून फुलटॉस टाकून जगातल्या चांगल्या बॅटरला चुकवायचं, जे काय करायचं ते हवेतच. कोफॅक्सकडे दोनच मुख्य हत्यारं, फास्टबॉल आणि कर्व्ह. फास्टबॉलला उलटी फिरकी एवढी की चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली यायचा, बॅटरला वाटायचं वर उडाला. आणि कर्व्हला वरून पुढे फिरकी, आपल्या लेगस्पिनरचा चेंडू हवेतून धपकन खाली येतो ना तसाच, फक्त वेग दीडपट समज. त्याची बोटं खूप लांब होती, चेंडू मुठीत मावायचा असं म्हणतात, ती फिरकी तिथून यायची. आणि कहर म्हणजे बेसवर माणूस असताना त्याच्या हातांच्या ठेवणीवरून आता कुठला चेंडू येणार हे बॅटरला आधीच कळायचं, तेव्हाचे कित्येक बॅटर हे सांगून गेलेत. पेपर फुटलेला तरी पोरं नापास.

बे_एरियाकर

मी जायंट्सवाला, त्यामुळे डॉजर्सच्या पुतळ्यांपुढे नतमस्तक वगैरे होणार नाही. मुद्द्यावर बोलतो. कोफॅक्सची हवा जरा जास्तच आहे. कारणं:

तेव्हा माउंड १५ इंच उंच होता, म्हणजे टेकडीवरून खाली फेकायचं. १९६३ ला स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतला चेंडू बरोबर धरतात ती) वाढवला. डॉजर स्टेडियम नवं, मोठं, बॅटरला वैरी. त्याचे घरचे आकडे आणि बाहेरचे आकडे शेजारी ठेवून बघा एकदा. १९६८ मध्ये तर सगळेच पिचर सोकावले, बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ झाला, तेव्हा कुठे १९६९ ला माउंड १० इंचांवर आणला. आणि एकूण विजय किती, १६५. वॉरन स्पान, डावराच, ३६३! रँडी जॉन्सन ३०३ विजय, ४,८७५ स्ट्राइकआउट, पाच साय यंग (वर्षातल्या बेस्ट पिचरचं बक्षीस), आणि चाळिसाव्या वर्षी परफेक्ट गेम (समोरचा एकही जण बेसवर पोहोचू न देता). स्टीव्ह कार्लटनने १९७२ ला जी टीम वर्षभरात ५९ मॅच जिंकली त्यातल्या २७ एकट्याने जिंकून दिल्या. हे सगळे डावरे. चार-पाच वर्षं चमकलेल्याला यांच्या वर बसवायचं म्हणजे दुकान लवकर बंद केल्याचं बक्षीस देण्यासारखं आहे.

आळशी_अंपायर

@बे_एरियाकर, माउंड सगळ्यांनाच १५ इंच होता की, त्यातून सलग पाच वर्षं लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए याचाच का? स्टेडियमचा मुद्दा मान्य, अर्धा.

डावरा_सांगलीकर

आलास का बाबा, वाटच बघत होतो. रँडी जॉन्सनबद्दल वादच नाही, सहा फूट दहा इंच, बघूनच घाम फुटेल, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत कोफॅक्स त्याच्या जवळपासही नाही. पण साय यंग तेव्हा दोन्ही लीग मिळून एकच असायचं, ते कोफॅक्सने १९६३, १९६५, १९६६ असं तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा एकमताने. आणि वर्ल्ड सीरीजमध्ये, जिथे घरचं मैदान नेहमी मिळत नाही आणि समोर बेस्ट टीम असते, तिथे ईआरए ०.९५. याला काय उत्तर?

आता ज्या मॅचसाठी हा धागा काढायची खाज होती ती. ९ सप्टेंबर १९६५, डॉजर स्टेडियम, समोर शिकागो कब्ज. कब्जकडूनही डावराच, बॉब हेंडली नावाचा. बाकीच्या डॉजर्सची बॅटिंग तेव्हा यथातथा, आणि त्या रात्री तर अख्ख्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून एक हिट! एक! तीही लू जॉन्सनची, सातव्या इनिंगला, आणि तिच्यातून रन आला नाहीच. रन आला होता पाचव्यात, याच जॉन्सनला चार बॉल बाहेर टाकून फुकट बेस मिळाला, पुढच्याने स्वतः आउट होऊन त्याला दुसऱ्यावर सरकवलं, त्याने तिसरा चोरला, आणि कॅचरचा थ्रो गेला उडत, हा आला घरी. म्हणजे हिट न लागता रन. हेंडलीने एक हिट देऊन मॅच हरली, विचार करा त्याच्या घरी त्या रात्री काय झालं असेल. कोफॅक्सने २७ आले, २७ परत पाठवले, त्यातले १४ स्ट्राइकआउट, आणि शेवटचे सहाच्या सहा लागोपाठ स्ट्राइकआउट. शेवटचा हार्वी क्वीन. रेडिओवर विन स्कली होता, तो शेवटच्या इनिंगला मधे मधे घड्याळातली वेळ सांगत होता, कारण रेकॉर्डिंग पुढे कोफॅक्सला मिळालं तर त्यावर वेळ असावी. क्वीन आउट झाला तेव्हा रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं.

चार वर्षांत चौथा नो-हिटर, म्हणजे एकही हिट न दिलेली मॅच. १९६२, ६३, ६४, ६५, वर्षाला एक, दिवाळी अंकासारखा.

ठाणेकर_काकू

धागा आवडला. आमच्या जावयाचे न्यू जर्सीचे साहेब ज्यू आहेत, त्यांच्या घरी एकदा जेवायला गेलो होतो तेव्हा भिंतीवर याच माणसाचा फोटो होता, मला वाटलं कोणी नातेवाईक. ते म्हणाले आमच्याकडे याचा फोटो असतोच. सणाचं काहीतरी सांगत होते, मला इंग्रजी पटापट कळत नाही म्हणून मान डोलावत बसले. तुम्हाला माहीत आहे का?

डावरा_सांगलीकर

काकू, माहीत आहे तर. १९६५ ची वर्ल्ड सीरीज मिनेसोटाविरुद्ध, पहिली मॅच ६ ऑक्टोबरला आणि त्याच दिवशी योम किप्पूर, ज्यूंचा सगळ्यात मोठा उपासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस. कोफॅक्स म्हणाला, मी टाकणार नाही. तो काही फार सोवळ्यातला नव्हता, पण त्या दिवशी खेळायचं नाही हे त्याचं आधीपासून ठरलेलं असायचं, त्याने त्यावर भाषण नाही केलं की मुलाखत नाही दिली. अमेरिकेत तेव्हा कित्येक ज्यू लोक ऑफिसात सणाची सुट्टी मागायलाही कचरायचे, आणि इथे देशातला नंबर एकचा पिचर वर्ल्ड सीरीज बाजूला ठेवतो, म्हणून भिंतीवर फोटो.

त्याच्याऐवजी टाकला डॉन ड्रायस्डेलने, तोही मोठाच पिचर, पण त्या दिवशी बदडला गेला, ८-२ ने हरले. मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन त्याला काढायला माउंडवर आला तर ड्रायस्डेल म्हणाला, आत्ता तुम्हाला वाटत असेल मीपण ज्यू असतो तर बरं झालं असतं.

ठाणेकर_काकू

अगदी हेच! हाच विनोद सांगून सगळे हसले आणि मी पण हसले. आज कळला. धन्यवाद हो.

चिंचपोकळी_एक्सप्रेस

काकू 😂😂

आम्हाला गणपतीला दीड दिवसाची रजा मागताना पोटात गोळा येतो.

बे_एरियाकर

योम किप्पूरचं मी मानतो, टोपी काढली. पण पुढे दुसरी मॅच कोफॅक्स स्वतःच हरला होता, ते का गाळलंस?

डावरा_सांगलीकर

गाळलं नाही रे, श्वास घेत होतो. दुसरी हरला, ५-१. पाचवी जिंकला, ७-० शून्यावर ठेवून. आणि मग सातवी, १४ ऑक्टोबर, फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर. पहिल्या काही ओव्हरमध्येच (ओव्हर नाही, इनिंग, सवय जात नाही) कळलं की कर्व्ह आज पडतच नाहीये. आता ज्या बॉलरचा यॉर्कर आणि स्लोअरवन दोन्ही बंद पडलेत त्याने वर्ल्ड कप फायनलला काय करायचं? कॅचर जॉन रोझबोरोने कर्व्ह मागणं जवळपास सोडूनच दिलं आणि हा नऊ इनिंग फास्टबॉल टाकत राहिला, समोरच्यांना माहीत, स्टेडियमला माहीत, पॉपकॉर्न विकणाऱ्याला माहीत. ३ हिट, १० स्ट्राइकआउट, २-० ने सीरीज खिशात.

आणि हे सगळं कुठल्या कोपराने, तर आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये बेसवर परत सूर मारताना जे आपटलं होतं त्या. १९६५ च्या कॅम्पमध्ये एक मॅच टाकून झोपला, सकाळी उठून बघतो तर हात काळानिळा, आत रक्त साकळलेलं. टीमचे डॉक्टर रॉबर्ट केर्लन म्हणाले आठवड्यातून एकदाच टाकू. त्या वर्षी त्याने टाकल्या ३३५ इनिंग. ३८२ स्ट्राइकआउट, तेव्हाचा रेकॉर्ड, पुढे १९७३ ला नोलन रायनने बरोबर एकाने मोडला.

कोल्हापुरी_डॉक्टर

इतके दिवस नुसता वाचक होतो, या धाग्यावर राहवलं नाही. माझं काम हाडांचंच आहे म्हणून लिहितो.

कोफॅक्सला जे सांगितलं गेलं ते ट्रॉमॅटिक आर्थ्रायटिस, म्हणजे मार आणि अतिवापर यामुळे सांध्यातली कुर्चा झिजते, हाडाला बारीक कंगोरे फुटतात, सांध्यात पाणी धरतं. अशा कोपराला हवी विश्रांती. त्याला काय मिळालं? सांध्यात कॉर्टिझोनची इंजेक्शनं, वेदनेसाठी कोडीनच्या गोळ्या, आणि ब्युटाझोलिडीन, जे घोड्यांना देतात, माणसांमध्ये त्याचा वापर पुढे फार कमी केला गेला कारण रक्त तयार होण्यावरच परिणाम होऊ शकतो. मॅचआधी हाताला कॅप्सोलिन चोळायचे, मिरचीतल्या तिखटाचं मलम, एका सहकाऱ्याने चुकून त्याचा शर्ट घातला तर त्याची कातडी पेटली असं सांगतात. मॅचनंतर हात बर्फाच्या पाण्यात. आधी जाळायचं, मग गोठवायचं, आणि चौथ्या दिवशी परत.

कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगतो, आज असता तर टॉमी जॉन सर्जरी करून वाचला असता, हे इतकं सरळ नाही. ती सर्जरी फाटलेल्या लिगामेंटसाठी असते. १९७४ ला डॉ. फ्रँक जोबनी टॉमी जॉनवर पहिल्यांदा केली, तोही डॉजर्सचा, तोही डावरा, उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला, आणि तो पुढे १९८९ पर्यंत खेळला. झिजलेला सांधा ही वेगळी भानगड आहे. आज मात्र त्याला एवढ्या इनिंग टाकूच दिल्या नसत्या, हा फरक खरा.

माझ्याकडे येणारे पेशंट, बहुतेक शेतकरी, गवंडी, एखादा पैलवान, त्यांना मी सांगतो काम थांबवा, ते म्हणतात डॉक्टर जमत नाही. ते बरोबरच असतात, घर चालायचं असतं. त्यामुळे थांबता येणं ही पण एक ऐपत आहे असं मला वाटतं.

गूळपोळी

डॉक्टर, शेवटचं वाक्य 👏

पण मग पैसे? त्याला भरपूर मिळत असतील ना.

आळशी_अंपायर

@गूळपोळी, तिथेच तर मजा आहे. तेव्हा खेळाडू क्लबच्या मालकीचाच, करार संपला तरी दुसरीकडे जाता येत नव्हतं, सालगड्याहून वाईट. १९६५ ची वर्ल्ड सीरीज जिंकून दिल्यावर कोफॅक्स आणि ड्रायस्डेल जेवताना बोलत बसले तर कळलं, मॅनेजमेंट याला सांगतंय तो एवढ्यातच तयार आहे, आणि त्याला सांगतंय हा एवढ्यातच तयार आहे. सासूने दोन सुनांना खेळवावं तसं. मग दोघांनी ठरवलं, सही करू तर दोघं मिळून, नाहीतर कोणीच नाही. मागणी काय, तीन वर्षांचे दहा लाख डॉलर, दोघांत समान. क्लबने तोंड वाकडं केलं. दोघं कॅम्पला गेलेच नाहीत, एका सिनेमात कामही धरलं. मार्चच्या शेवटी तोडपाणी झाली, कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,०००. मागितलं त्यापेक्षा कमी, पण दोघं एकत्र उभे राहिले तर मालक वाकतो हे बाकीच्यांनी बघितलं. त्याच वर्षी मार्विन मिलर युनियनचा प्रमुख झाला आणि दहा वर्षांत ती जुनी वेठबिगारी मोडली. आज पोरं जे शेकडो मिलियन घेतात त्यात या दोघांच्या संपाचा वाटा आहे.

बे_एरियाकर

हे मान्य. मालकांच्या बाबतीत आपण सगळे एकाच टीममध्ये.

तरी माझा मुद्दा तिथेच. १९६६ ला २७ विजय, ईआरए १.७३, आणि मग १८ नोव्हेंबरला पत्रकार परिषद घेऊन बाय-बाय. अजून दोन वर्षं, वर्षाला अर्धेच इनिंग घेऊन खेळला असता तर? लीगला, लोकांना काही देणं लागत नाही का?

डावरा_सांगलीकर

अर्धे इनिंग? तेव्हा? अरे १९६६ चा शेवट बघ. २ ऑक्टोबर, फिलाडेल्फिया, लीग जिंकायला ती मॅच हवीच होती, परत दोन दिवसांची विश्रांती, परत पूर्ण मॅच, सत्ताविसावा विजय. चार दिवसांनी वर्ल्ड सीरीजची दुसरी मॅच, बिचाऱ्या विली डेव्हिसने सेंटर फील्डला उन्हात एकाच इनिंगमध्ये तीन चुका केल्या, समोर २० वर्षांचा जिम पामर, ६-० ने हरले. ती कोफॅक्सची शेवटची मॅच, कोणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी ३२३ इनिंग टाकल्या आणि २७ मॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने. डावा हात सरळच व्हायचा नाही, शिंप्याला कोटाची डावी बाही आखूड करायला सांगावी लागायची म्हणे. पत्रकार परिषदेत म्हणाला त्याचा सारांश इतकाच, बेसबॉलनंतर खूप वर्षं जगायची आहेत आणि ती धड शरीराने जगायची आहेत.

आता आजचं बघ. क्लेटन कर्शॉ, डॉजर्स, डावरा, कर्व्हबॉलवाला, सगळं जुळतं. एप्रिल २०२२, मिनेसोटाच, सात इनिंग परफेक्ट, १३ स्ट्राइकआउट, फक्त ८० चेंडू झालेले, आणि मॅनेजरने काढला! हात जपायला. कर्शॉ स्वतः म्हणाला बरोबर केलं. मी टीव्हीसमोर किंचाळलो होतो, बायको स्वयंपाकघरातून धावत आली. पण तो जपलेला हात २०२५ पर्यंत चालला, ३,००० स्ट्राइकआउट पार झाले, वर्ल्ड सीरीज जिंकून मगच निवृत्त झाला. मग शहाणा कोण? मला खरंच ठरवता येत नाही. परफेक्ट गेम कर्शॉकडे नाही, कोफॅक्सकडे आहे. अठरा सीझन कोफॅक्सकडे नाहीत.

चिंचपोकळी_एक्सप्रेस

८० चेंडूंवर काढला?? आमच्या ऑफिसच्या टूर्नामेंटला मी एका दिवसात चार मॅचमध्ये बॉलिंग टाकली होती, सोमवारी माउस डाव्या हाताने चालवला.

कोल्हापुरी_डॉक्टर

@चिंचपोकळी, दाखवून घ्या.

बे_एरियाकर

ठीक आहे, एवढं देतो. मला कोणी विचारलं की पंचवीस वर्षं टीम बांधायचीय, कोण हवा, तर रँडी जॉन्सन. कोणी विचारलं की उद्या सातवी मॅच आहे, एकच, तर... दात ओठ खात सांगतो, तुमचा तो. जायंट्सवाल्यांनो हा प्रतिसाद वाचू नका.

गूळपोळी

स्क्रीनशॉट घेतला आहे.

बरं, बाबांचं काय मत झालं शेवटी?

डावरा_सांगलीकर

@गूळपोळी, सांगायचं राहिलंच. त्या दिवशी पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास लागला (डॉजर स्टेडियमला गेलेल्यांना कळेल), तेवढ्या वेळात मी हे सगळं त्यांना सांगितलं. १९७२ ला छत्तिसाव्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला, एवढा तरुण कोणीच नाही, हेही. ते ऐकत होते. कॉर्टिझोनपाशी आल्यावर म्हणाले, "थांब." मग बराच वेळ काहीच नाही. त्यांचाही डावा खांदा १९८१ ला गेलेला, मला हे माहीत होतं, पण सोडायच्या आधी दोन सीझन सुया घेऊन खेळले हे मला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं. आईलाही माहीत नव्हतं. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "म्हणजे तेव्हा पाडव्याला गुढी मला एकटीला उभारायला लावलीत ती यासाठी?"

कोफॅक्सबद्दल मत विचारलं तर म्हणाले, "नाडकर्णींनी विकेट न घेता पाच रन दिले, याने रन न देता सगळेच घेतले. दोघंही डावरे. बाकी तुझं तू बघ."

जाताना मी त्यांना एक बेसबॉल घेऊन दिला. आता रोज सकाळी फोनवर आईची तक्रार, हे गच्चीत पाण्याच्या टाकीवर तो चेंडू मारत बसतात, कर्व्ह पडतो का बघतायत, आणि संध्याकाळी खांद्याला आयोडेक्स. परवा तिने चेंडू तांदळाच्या डब्यात लपवला.

ठाणेकर_काकू

सापडेल त्यांना. आईंना सांगा गव्हाच्या कोठीत ठेवा.